दाराला बांधलेले लिंबाचे डहाळे

नवऱ्याला दिवसा झोप लागावी म्हणून मी घरात देवी आल्याचं खोटं पसरवलं. आज हे वाचून कुणी हसेल, कुणी कपाळाला हात लावेल. माझं दोन्ही करून झालंय. तेव्हा वय पंधरा-सोळा, शिरोळकडच्या शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन कोल्हापुरात येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आपल्याएवढं डोकं आळीत कुणाला नाही अशी पक्की खात्री. त्या पोरीचे कान धरायला आज मिळाले असते तर मी सोडले नसते.

गादीवर महाराज होते. गिरणी नवी होती आणि गिरणीत नोकरी म्हणजे माणसं वळून बघायची. आमचे हे बॉयलरवर कोळसा टाकायला होते. सकाळच्या भोंग्याला यंत्रं फिरायची तर वाफ आधीपासून तयार हवी, म्हणून यांची कायमची रात्रपाळी. दिवस उगवता उगवता घरी यायचे. अंगाला कोळसा म्हणून मागच्या परसातूनच यायचे-जायचे, दगडावर बसून अंघोळ करायची, भाकरी खायची आणि पडायचं.

पडायचं म्हणजे नुसतं पडायचंच. कारण आमची खोली तांबटांच्या आळीत. सूर्य वर आला की समोरच्या, शेजारच्या, पलीकडच्या घरात हातोडे सुरू. घागरी, हंडे, बंब. तांब्यावर हातोडा पडतो तेव्हा तो आवाज कानात शिरत नाही, दातात शिरतो. मी करायचं ते सगळं केलं. खिडकीला ओलं पोतं लावलं, त्याने अंधार झाला आणि गारवाही आला. तळपायांना तेल चोळलं. दुधात जायफळ उगाळून दिलं. कानात तेलाचे बोळे घातले, तर म्हणाले, आता हातोडा ऐकू येतो आणि वर माझंच काळीज ऐकू येतं.

एका सकाळी ते आले तेव्हा उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलवटली होती. भट्टीचं दार उघडताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि हात तापल्या लोखंडावर टेकला. मुकादमाने सांगितलं होतं की पुन्हा डुलकी दिसली तर उद्यापासून येऊ नकोस. त्या हाताला मी कोरफड लावत होते. नोकरीचं मागाहून कळलं. आधी दिसलं ते हे की, हात टेकला तिथे माणूसही पडू शकला असता.

कुणीही शहाणी बाई समोर गेली असती आणि म्हणाली असती, माझा माणूस रात्रपाळी करतो, जरा सांभाळून घ्या. पण समोरच्या तांबटकाकींची मला भीती. बाई उंच, आवाज नवऱ्याच्या हातोड्याच्या वर चढणारा. मी आळीत आल्या आल्या त्यांनी मला हंडा घासायची रीत चुकते म्हणून चारचौघींत सुनावलं होतं. त्यांच्यापुढे हात पसरायचा? छे. त्यापेक्षा मी डोकं चालवलं.

ज्या घरात देवी आल्या त्या घराच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक. मग त्या दारासमोरून कुणी चपला वाजवत जात नाही, शेजारी फोडणी देत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत. घरात अंगभर फोड आलेलं माणूस असतं, आणि त्या माणसाच्या रूपाने देवीच पाहुणी आलेली असते. तिला राग येऊ द्यायचा नाही. मी विहिरीवरून येताना डहाळे तोडले आणि हे झोपल्यावर पुढच्या दाराला बांधले. काकी पाण्याची घागर घेऊन चालल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. लांबूनच विचारलं, कोण, तो? मी मान हलवली. तोंडाने अक्षर बोलले नाही. तोंडाने बोलले नाही म्हणजे खोटं बोलले नाही, हा हिशेब मी त्या वयात मोठ्या समाधानाने केला होता.

तासाभरात हातोडे थांबले. आधी समोरचा, मग शेजारचा, मग एक लांबचा राहिला होता तोही. मी उंबऱ्यात बसून ऐकत होते. आळीत कावळा ओरडला तरी दचकायला होत होतं. आत हे घोरत होते, आणि मला वाटत होतं की राज्य करणं म्हणतात ते हेच असावं.

दुसऱ्या दिवशी तसंच. हे उन्हं उतरेपर्यंत झोपले, उठून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आळीला सुट्टी हाय काय, म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, सगळे कुठेतरी लग्नाला गेलेत. आमच्या उंबऱ्यावर रोज कुणीतरी गार पाण्याचा तांब्या ओतून जात होतं. चपला हातात घेऊन जाणारी माणसं मी खिडकीच्या फटीतून बघायचे आणि तोंडावर पदर धरून हसायचे. हो, हसायचे. लिहायला बसलेय तर तेही लिहिते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे कामावर गेले आणि दिवा लावायच्या आत परत आले. या वेळी पुढच्या दाराने. गिरणीच्या फाटकावरच मुकादमाने लांबून हात करून थांबवलं होतं. तुझ्या घरात देवी आल्यात, इथे शेकड्यांनी माणसं, तू आत पाऊल टाकायचं नाहीस. बॉयलरवर दुसरा माणूस उभा केलाय. आमच्या ह्यांना काही कळेना. घरी आले तर दाराला वाळलेले डहाळे. त्यांनी ते बघितले, मला बघितलं. ओरडतील म्हणून मी भिंतीला चिकटले होते. ते ओरडले नाहीत. भाजलेला हात मांडीवर घेऊन खाली बसले. मला अजून ते बसणं दिसतं. जी नोकरी वाचवायला मी निघाले होते ती मीच माझ्या हाताने दाराला टांगली होती.

मग म्हणाले, मुकादम माझं ऐकणार नाही, आळीतल्या जुन्या माणसाचा शब्द पायजे. म्हणजे तांबटकाका. म्हणजे काकी. उद्या सकाळी तू जायचंस, मी येणार नाही.

सकाळी गेले. त्यांची भट्टी थंड होती, राखेवर मांजर झोपलं होतं. लग्नाच्या भांड्यांचं काम होतं त्यांच्याकडे. ते वेळेत होईना म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, हे मला तिथेच कळलं. काकी मागल्या दाराने आत आल्या. ओलंचिंब लुगडं, केस मोकळे, पायाला चिखल, चेहरा उतरलेला. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं ते हेच की, ताप उतरला का?

दोन वर्षांमागे त्यांचा नातू देवींनीच गेला होता. मला माहीत नव्हतं. कुणाला काही विचारायची मला सवयच नव्हती. आमच्या दाराला डहाळे दिसले त्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी उपास बोलला होता. रोज पहाटे ओल्या अंगाने देवीच्या देवळाला फेऱ्या घालत होत्या, आणि उंबऱ्यावरचं ते पाणीही त्यांचंच होतं. मी भट्टीच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं, हात भाजला तिथपासून. सांगताना वर बघायची हिंमत झाली नाही. काकींच्या पदराचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं, तेवढं दिसत होतं.

काकींनी केस पिळले, गाठ मारली आणि म्हणाल्या:

"आमचं मालक जातील मुकादमाकडं, आत्ताच धाडते. सकाळी आमी पत्रा कापू, ठोकायचं काम दुपार कलल्यावर. निजू दे त्येला तवर. पर पोरी, मी पाच दिसांचा उपास बोललीया, आन् देवीला काय म्हाईत तू खोटं केलंस म्हणून? तीन दीस माजं झालं. उरल्यालं दोन तू करायचं, ओल्या लुगड्यानं."