पेटून विझणारा गीझर

शेषगिरी कामाला बसले की तोंडाची टकळी सुरू, हे मल्लेश्वरममधल्या त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. वायर सोलता सोलता ते सुनेच्या तक्रारींपासून पावसापर्यंत सगळं ऐकवायचे. त्या सकाळी मात्र व्हाइटफील्डला शंतनूच्या कॅरव्हॅनपाशी ते आले, नुसती मान हलवली आणि गुडघे टेकून गीझरच्या झाकणाशी बसले. येताना मेट्रो बदलायची ती मॅजेस्टिकला, आणि हे पुढे निघून गेले होते. रोजचा रस्ता, तरीही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शंतनू आणि आसावरी मूळचे पुण्याचे. दोघंही इथे आयटीत राबतात, आणि सुट्टी मिळाली की एका मोठ्या व्हॅनचं घर करून बांधलेली ही कॅरव्हॅन घेऊन डोंगरात पळतात. आत पलंग, ओटा, चिमुकलं न्हाणीघर आणि बाहेरच्या अंगाला बसवलेला गॅसचा गीझर. दसऱ्याआधी शेषगिरींनी त्याचा बर्नर सोडवून साफ करायला घरी नेला होता आणि दसरा झाल्यावर परत बसवला होता. आता दुपारी आसावरीच्या आईला घेऊन चिकमगळूरला निघायचं, तर गीझर पेटायचा आणि लगेच विझायचा.

"अण्णा, सेन्सर बायपास नाही का करता येणार? जस्ट दोन दिवसांसाठी?" शंतनूने विचारलं.

"नाही." शेषगिरी एवढ्या मोठ्याने म्हणाले की आतून आसावरी डोकावली. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. आवाज उतरवून त्यांनी समजावलं, की आत एक सर्किट बोर्ड असतो. ज्योत लागली की बर्नरपुढच्या सळईतून, त्या ज्योतीतूनच, अगदी नखाएवढा करंट वाहतो. तो बोर्डाला परत मिळाला नाही, तर ज्योत समोर भडभडत असली तरी बोर्ड ती नाहीच असं धरतो आणि गॅस बंद करतो. "ते बायपास केलं, आणि खरोखर ज्योत विझली, तर गॅस येतच राहील. आत माणसं झोपलेली. सरी का? पटतंय ना?"

शंतनू चहा आणायला गेला.

शेषगिरींना मात्र वेगळीच काळजी लागली होती. बर्नर आपणच बसवला. मग पेटवून पाहिला का? पाहिला असणार. आजवर एकही गीझर न पेटवता ते कुणाच्या घरातून उठले नव्हते. पण तो दिवस आठवायला जावं, तर व्हॅनपाशी आल्याचं आठवत होतं आणि घरी जेवायला बसल्याचं आठवत होतं. मधलं सगळं कोरं. त्यांचे वडील शेवटी शेवटी आपल्याच घराच्या दारात उभं राहून हे कुणाचं घर म्हणून विचारत. त्याची सुरुवातही अशीच बारीकसारीक झाली होती. लेक निवेदिता उन्हाळ्यापासून मागे लागली होती, अप्पा, एकदा डॉक्टरांना दाखवून या. ते तिचं बोलणं दर वेळी हसण्यावारी नेत.

बॅटरी पाहिली, बारा व्होल्ट ठणठणीत. फ्यूज शाबूत. जास्त तापल्यावर करंट तोडणारा स्विच मीटरवर धरला, तोही ठीक. स्विच लावला की ठिणगी पडत होती, व्हॉल्व्हचा टक असा आवाज येत होता, निळी ज्योत लागत होती. हात सगळं आपापलं बिनचूक करत होते आणि त्यामुळे त्यांना थोडा धीर येत होता. अर्थिंगचा स्क्रूही घट्ट होता. म्हणजे उरली फक्त सळई. त्यांनी ती सोडवून उजेडात धरली. तिच्यावर लालसर काळा खरपुडा चढला होता. नखाने खरवडला, नाकाशी नेला. जळका चंदनाचा वास.

गंध आणि कुंकू!

शेषगिरींना हसूच फुटलं. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडायची, पक्कड, मीटर, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना गंध-कुंकू लावायचं, ही घरची जुनी रीत. त्या दिवशी हा बर्नरही सळईसकट पाटावर होता. दर वर्षी ते बायकोला बजावत, अहल्या, कुंकू बाहेरच्या पत्र्याला लाव, जिथून करंट जातो तिथे बोट लावू नकोस. म्हणजे यंदा तिने ऐकलं नाही. ती चूक तिची होती, आपली नव्हतीच. त्यांच्या जिवात जीव आला. पॉलिश पेपरने सळई घासून लख्ख केली, बसवली, स्विच दाबला. ज्योत लागली आणि लागूनच राहिली. थोड्या वेळाने आतून आसावरीने ओरडून सांगितलं, की पाणी कडकडीत आलंय.

आता टकळी सुरू झाली. आपल्या बायकोच्या भक्तीचे प्रताप शंतनूला रंगवून सांगत त्यांनी तिला फोनही लावला.

"अगं, त्या बर्नरच्या सळईलासुद्धा कुंकू फासलंस? तिकडे ज्योत दिसेना की गीझरला."



"अहो, मी नाही लावलं," पलीकडून अहल्या हळूच म्हणाली. "मी पत्र्यालाच लावत होते. तुम्ही ताट माझ्या हातातून घेतलंत. म्हणालात, आग ओळखते ती ही सळई, हिला आधी. मी नको नको म्हणत होते. आठवत नाही का हो?"

शेषगिरींनी पाट आठवून पाहिला. पाटावरची झेंडूची फुलं आठवली. ताट आठवलं, ते अहल्याच्या हातातलं. आपल्या बोटाला लागलेलं कुंकू काही केल्या आठवेना. ते घाबरले.

"अहल्या," ते म्हणाले, "निवेदिताला फोन कर. डॉक्टरांची वेळ घे म्हणावं. ती म्हणेल तेव्हा येतो."

फोन ठेवून ते उठले. शंतनू सामान चढवत होता, त्याला थांबवलं. साबणाचा फेस एका वाडग्यात कालवून घेतला, ब्रश त्याच्या हातात दिला आणि गॅसच्या नळीचा पहिला जोड दाखवला.

"सगळ्या जोडांना हे लाव. कुठे बुडबुडा येतो का बघ."

"अण्णा, तुम्ही चेक केलंय ना सगळं?"

"केलंय," शेषगिरी म्हणाले. "मला तसं वाटतंय. म्हणून तू बघ."