एकाच संगणकावरून आलेला आहेर

विक्रीला लागल्याच्या नवव्या दिवशी माझा गेम दुकानातून उतरवला गेला. दुकान इंटरनेटवरचे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर हाती आलेली नोकरी नाकारून, सोनपेठच्या घरात तीन वर्षे मी एकटीने तो रचला होता: अंधाऱ्या बारवेत आरसे फिरवायचे आणि ऊन तळापर्यंत पोहोचवायचे.

ईमेल कोरडा होता. एकाच संगणकावरून एका दिवसात बत्तीस अभिप्राय आले आहेत, ते बनावट दिसतात. बहात्तर तासांत खुलासा करा, अन्यथा खाते कायमचे बंद.

कारण शोधायला मिनिटही लागले नाही. तो संगणक वडिलांच्या बी-बियाण्यांच्या दुकानातला. चाचणीसाठी काढलेले, गेम फुकटात उघडून देणारे कोड मीच त्यांच्याकडे ठेवले होते. बाजाराच्या दिवशी त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून अभिप्राय लिहून घेतला होता.

"आप्पा, हे काय केलंत तुमी?"

"काय केलं? घरचं कार्य हाय. मानसं आहेर करायलेत, त्यात काय वावगं?"

"त्यांनी गेम खेळलाच नाही!"

"आहेर करनारा काय सोता बोहल्यावर चढतो का?"

मी अभिप्राय वाचू लागले. 'मुलगी गुणाची, गेम उत्तम.' 'बियाण्यासारखाच खात्रीचा.' टिकेल असा युक्तिवाद एकच होता: हे सारे खोटे आहेत, पुसून टाका. अपवाद नको.

सत्ताविसावा अभिप्राय मात्र असा होता: 'तिसऱ्या टप्प्यावर आरसा डावीकडे वळत नाही. बाकी ऊन छान पडते.' खाली नाव आईचे.

मी तपासले. खरेच वळत नव्हता. नऊ दिवसांत एकाही खरेदीदाराने हे कळवले नव्हते.

आई तूर निवडत बसली होती.

"तू खेळलीस?"

"मंग? समदे आहेर करायलेत, म्या मोकळ्या हातानं जाऊ? पन दोन दुपारा गेल्या बग त्या आरशापायी."

तिच्यापुरता अपवाद लिहावा, असे क्षणभर वाटले. पण घर तेच, संगणक तोच, आणि साक्षीदार जन्मदात्री. कोण विश्वास ठेवणार? एका खऱ्या अभिप्रायासाठी उरलेल्या एकतिसांची कबुलीही संशयास्पद झाली असती. मी लिहिले, 'या बत्तिसांपैकी एकानेही गेम खेळलेला नाही,' आणि पाठवून दिले.

मग आरसा दुरुस्त केला. अकरा मिनिटांचे काम. नवी प्रत चढवायला गेले, तर खुलाशाचा निकाल लागेपर्यंत खाते गोठवलेले. त्या दुरुस्तीचा उपयोग आता फक्त आईला होता.