फाटकाच्या आत

आम्ही शिकलो त्या मुलींच्या कॉलेजात यंदापासून मुलंही शिकणार, हे कळलं तेव्हा मी प्रताप नगरच्या घरात मेथी निवडत होते. सगळा राग त्या जुडीवर काढला. माजी विद्यार्थिनींच्या सभेत तर मी इतकी तावातावानं बोलले की अध्यक्षबाईंनी मला पाणी प्यायला लावलं. आपलं हक्काचं ठिकाण हातचं गेलं, असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

माझी मैत्रीण सभेत गप्प होती. ती रामटेकजवळच्या खेड्यातली. कॉलेज फक्त मुलींचं, एवढ्या एका कारणावर तिच्या वडिलांनी तिला शिकू दिलं होतं. आता तिच्या धाकट्या भावाच्या मुलीला याच कॉलेजात यायचं होतं, आणि भाऊ अडून बसला होता. "ताई, पोट्ट्यायच्या कॉलेजात मी नाही धाडत तिले," म्हणाला. पोरीचं शिक्षण बारावीवरच थांबणार होतं.

"तू तर सभा गाजवली," मैत्रीण मला म्हणाली. "आता माह्या भाचीचं काय करू, ते सांग वं."

मला वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, तुझ्या भावाला एकदा कॉलेज तर दाखवू.

आमच्या वेळी पुरुष माणूस फाटकापर्यंतच. बाप असो की भाऊ, मुलीची पिशवी तिच्या हाती द्यायची आणि मागे फिरायचं. मैत्रिणीचे वडील मात्र मागे फिरत नसत. गावाहून तिला होस्टेलवर सोडायला आले की तास सुटेपर्यंत समोरच्या कडुनिंबाखाली बसून राहत. कधी सोबत हा धाकटा भाऊही असे.

मैत्रीण, तिचा भाऊ, भाची आणि मी असे आम्ही चौघं फाटकाशी पोचलो आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भाऊ, तुम्ही इथंच थांबा." तो थांबलाही. थांबला कसला, सरळ कडुनिंबाकडे चालू लागला. आम्हा दोघींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आम्ही आत शिरलो. भाची जागची हलली नाही.

"आत्या, बाबाले काहून बाहेर ठेवून राहिली? आता तं सगळ्यायले चालते ना."

मी ओशाळले. भावाचा पाय काही उचलेना, तेव्हा मैत्रिणीनं त्याचं मनगट धरून त्याला आत आणलं. पायऱ्यांवर मुली मोठमोठ्यानं गप्पा हाणत होत्या. कडेला दोन-चार मुलं अंग चोरून बसली होती, आम्हाला पाहून चटकन उभी राहिली. यांच्याविरुद्ध मी सभेत एवढा घसा कोरडा केला होता.

मैत्रिणीनं भावाला आपला वर्ग दाखवला, खिडकीजवळचा बाक दाखवला. तो त्यावर बसला आणि बाहेर पाहू लागला. फाटकापलीकडचा कडुनिंब तिथून पुरता दिसतो.

"तुले बाबा दिसत होते इथून?"

"रोज नाही. पण आले की दिसत," ती म्हणाली. "त्यायले मात्र मी नव्हती दिसत."

तो बाकावरून हात फिरवत राहिला. मग मुलीला म्हणाला, "जा, नाव टाकून ये. मी बसतो तोवर. इथंच, आत."