आत्याचं तेलुगू

आमच्या आत्यासारखी बाई सोलापुरात दुसरी झाली नाही, आणि बरंच झालं. दोघी असत्या तर शुक्रवार पेठ पुरली नसती. वीस वर्षं तेलुगू विणकरांच्या शेजारात काढून तिला तेलुगूचा एकच शब्द येई: ‘आगु’, म्हणजे थांब. तेवढ्यावर ती त्यांची भांडणं सोडवी, बाळंतपणं करी, तापल्या पोरांना काढे पाजी. बाकी सगळं मराठीत, ओरडून. “मोठ्यानं बोललं की समद्यांना कळतंय,” म्हणायची. आणि कळायचं की हो!

तिच्या भिंतीला लागून मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेलं एक विणकर जोडपं राहायचं. सोबत नवऱ्याचा भाऊ, नरसय्या. वय तिशीचं, समज पाच वर्षांची. सकाळी गल्लीभर सूत ताणून त्याला खळ लावायचं काम चाले, आणि हा शेळ्यांमागे धावत थेट सुतात! एकदा इतके धागे तुटले की कारखान्याचा मालक खवळला. “याला गावी धाडा, नाहीतर माझी खोली सोडा.” गावी त्याचं होतं कोण? वहिनी तोंडात पदर कोंबून रडत बसली.

आत्या तरातरा मालकाकडे गेली. “आठ दिस द्या. न्हाय जमलं तर मला बी हाकला.” तिचं घर तिच्या स्वतःच्या मालकीचं होतं, हे रागाच्या भरात दोघंही विसरले.

दुसऱ्या दिवसापासून ती नरसय्याला घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसली. शेळी आली की हात पसरायचे आणि म्हणायचं, “आगु!” जमलं की मूठभर शेंगदाणे. दिवसभर तेच. मी असतो तर दुपारपर्यंत कपाळ बडवून घेतलं असतं. ही बाई मात्र दर वेळी पहिल्यांदाच शिकवत असल्यासारखी हसायची. मला तर तिची भीतीच वाटायला लागली. आठव्या दिवशी खुद्द मालक घाईनं सूत ओलांडायला निघाला, तर नरसय्या आडवा. “आगु!” मालक चक्क थांबला. मग खाली बघत म्हणाला, “राहू द्या त्याला.”

“मग! त्याला मालक काय अन् शेळी काय, समदं सारखंच की,” आत्या म्हणाली. त्या दिवसापासून वहिनी निर्धास्तपणे मागावर बसू लागली.

आत्या गेली त्या सकाळीही गल्लीत सूत ताणलेलं होतं. वाट करून द्यायला विणकरांनी ते ओलंच गुंडाळलं. दिवसाचं काम मातीत गेलं. आम्ही तिरडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो, तर नरसय्या हात पसरून उभा. “आगु!”

आम्ही थांबलो. तिचाच शब्द, मोडणार कोण? मग त्यानं बंडीच्या खिशातून शेंगदाणे काढले, तिच्या उशाशी ठेवले, आणि हात खाली घेतले.