फेमकेचे बारीक शब्द

आमच्या लॅबमध्ये किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. कारण आमचं बहुतेक काम म्हणजे वाट बघणं. काचेवर धातूचा इतका पातळ थर चढवायचा की तो डोळ्यांना दिसूही नये. त्यासाठी मशिनमधली हवा आधी काढून घ्यावी लागते, आणि त्याला तासन्‌तास लागतात. बाहेर जपानातल्या या सेंदाई शहराचा बर्फ भुरभुरत असतो, पंप एका सुरात गुणगुणत असतो, चहा निवत असतो. अशा वेळी माणसं काय करणार? बोलतात!

माणसं म्हणजे चार. मी, पुण्याची, पीएचडीनंतर संशोधनासाठी आलेली पोस्टडॉक. शेजारच्या टेबलावर फेमके, हॉलंडची. ओकादा सेन्सेई, आमचे प्रोफेसर. आणि ऑफिस सांभाळणाऱ्या कोबायाशी-सान. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि सगळ्यांचे वाढदिवसही त्यांनाच पाठ.

*

फेमकेचा पहिला दिवस. उंच, सरळ, वेतासारखी मुलगी. मी कौतुकानं म्हटलं, "किती थिन आहेस तू!"

ती थबकली. "कुठलं थिन? आमच्या डचमधलं स्लांक की मागर?"

"फरक काय?"

"स्लांक म्हणजे स्लिम. म्हणालीस तर मी थँक्यू म्हणेन. मागर म्हणजे स्किनी. म्हणालीस तर उद्यापासून तुझ्याशी बोलणार नाही!"

"स्लांक, स्लांक!" मी घाईघाईनं म्हणाले.

"थँक्यू," फेमके म्हणाली आणि आमची मैत्री झाली.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत आईचा व्हिडिओ कॉल आला. "बारीक झालीस गं!" हे तिचं नेहमीचं पहिलं वाक्य.

फेमके डोकावली. "काय म्हणतेय?"

"बारीक झाले म्हणतेय."

"स्लांक?"

"छे!"

"मग मागर?"

मी विचारात पडले. आईचं 'बारीक' यातल्या कुठल्याच कप्प्यात बसेना. शेवटी मी आईलाच म्हटलं, "अगं, चार किलो वाढलेय मी!"

"तिकडचे वजनकाटे वेगळे असतील," आई म्हणाली.

मी फेमकेला इंग्लिशमध्ये सांगितलं. तिनं गंभीरपणे मान हलवली. "बरोबर आहे. माझी आईसुद्धा हेच म्हणते."

*

जानेवारीत आम्ही दोघी सायकलवरून घरी निघालो होतो. नदीवरच्या पुलावर वाऱ्यानं असं गाठलं की डोळ्यांतून पाणी आलं. फेमके थांबली आणि घशातून ओरडली, "स्ख्राल!"

मला वाटलं, ठसका लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"अगं, ठसका नाही, शब्द आहे तो!" ती हसत सुटली. मग पुलाच्या कठड्याला टेकून तिनं समजावलं. जेवण तुटपुंजं असेल तर स्ख्राल. काही उगवत नाही ती जमीन स्ख्राल. थंडीनं फुटलेले ओठ स्ख्राल. आणि असा वारासुद्धा. "इंग्लिशमध्ये प्रत्येकाला वेगळा शब्द शोधावा लागतो. आमच्याकडे एकच पुरतो."

खाली बर्फाचे कण काळ्या पाण्यावर उतरत होते आणि टेकताच नाहीसे होत होते. आम्ही बराच वेळ ते बघत राहिलो.

"मराठीत या वाऱ्याला काय म्हणतात?"

"बोचरा."

तिनं तो शब्द तीनदा म्हणून बघितला. दर वेळी तोंडातून वाफ निघाली. "छान आहे," ती म्हणाली, "पण खोकल्याशिवाय थंडी कशी कळणार?"

*

आमच्या पातळ थरांवरचा रिसर्च पेपर लिहिताना मी एका पानावर अकरा वेळा 'थिन' लिहिलं होतं. कंटाळून फेमकेला म्हटलं, दुसरे शब्द दे. तिनं डच शब्द आठवून आठवून त्यांचे इंग्लिश भाऊबंद लिहून दिले. मी डोळे मिटून त्यातला 'गॉन्ट' उचलला. हाडं वर आलेल्या, गाल बसलेल्या माणसाला म्हणतात तो!

ओकादा सेन्सेई फारसं बोलत नाहीत, विनोद तर नाहीच. पेपर परत आला तेव्हा त्या ओळीशेजारी लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "या थराला कृपया जेवायला घाला."

*

मार्चमध्ये सेन्सेईंच्या पत्नी वारल्या. तीन आठवड्यांनी ते कामावर आले तेव्हा कोट हँगरवर असावा तसा अंगावर लोंबत होता. आम्ही वाकून नमस्कार केला.

चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, "फेमके-सान, तुमच्या भाषेत मी आता कुठला बारीक?"

कोबायाशी-सान चहा ओतता ओतता थांबल्या. फेमकेला मनातलं तोंडावर सांगायची सवय.

"तेंगर," ती हळूच म्हणाली. "इंग्लिशमध्ये स्लाइट म्हणतात, पण ते पुरत नाही. नाजूक. जपून धरावं असं."

सेन्सेईंनी कपाकडे बघत मान हलवली. "हा शब्द माझा नाही, माझ्या पत्नीचा आहे."

पुढच्या सोमवारी त्यांनी डबा आणला. आत जपानी ऑम्लेट. अंड्याचा पातळ थर तव्यावर पसरायचा, गुंडाळायचा, त्यावर दुसरा पसरायचा, पुन्हा गुंडाळायचा. आयुष्यभर त्यांचा डबा पत्नीनं भरला होता.

त्यांनी तुकडा कापून आमच्यापुढे धरला. "मोजा."

जाडजूड तीन थर, कडेला करपलेले.

"ती सात करायची," सेन्सेई म्हणाले. "माझ्याच्यानं पातळ होत नाही."

आम्ही ते तीन थर वाटून खाल्ले. मग दर सोमवारी डबा येऊ लागला. चार. पुन्हा तीन. पाच. सहा झाले त्या दिवशी कोबायाशी-साननी चक्क टाळ्या वाजवल्या!

जूनमधल्या एका सोमवारी फेमके तुकड्यावर वाकली. एकदा मोजलं, पुन्हा एकदा मोजलं.

"सात," ती म्हणाली.

सेन्सेईंनी चष्मा काढून स्वतः बघितलं. मग तो तुकडा उचलून परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा रुमालात बांधला.

"हे तिच्या फोटोपुढे ठेवायचंय. आज मी लवकर घरी जातो," ते म्हणाले.