उपरण्याखालचा हात

कल्पना करा, उपरण्याखाली तुमचा हात दुसऱ्याच्या हातात आहे. तोंडानं भाव बोलायचा नाही. समोरच्याचं एक बोट धरलं तर दहा हजार, दोन धरली तर वीस, अख्खा पंजा धरला तर पन्नास. भोवती निम्मी आळी उभी आहे, आणि जी घोडी विकायची आहे ती तुमच्याच पाठीला नाक घासते आहे. धरा बघू बोट.

इंदुरी गावच्या अंबाजी आबांना ते जमेना.

आबांनी ही घोडी, हरणी, पाळली ती बैलगाडा शर्यतीसाठी. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, चार बैलांच्या पुढं घोडी पळते आणि बैल तिच्यामागं सुटतात. एका जत्रेत ऐन घाटात खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, तुटला, खोगीर फिरलं आणि आबा तिच्या पोटाशी लोंबकळले. मागं बैल. हरणी सरळ पळायचं सोडून बाजूच्या ज्वारीत शिरली. बैल पुढं निघून गेले.

"तवापासून जगतोय ते तिनं दिल्यालं," आबा म्हणतात.

यंदा आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घोड्यावर बसणं बंद केलं. मुलगा स्वराज हा कंपनीत कामाला, शिफ्टमध्ये अडकलेला. हरणी दिवसभर खुंट्याला उभी राहून पाय आपटायची. "तिला पळाया पायजे, हितं झुरंल ती," म्हणत आबांनीच लोणावळ्याच्या कैलासला बोलावलं. तो मुलांना घोडेस्वारी शिकवतो आणि रोज सकाळी आपली घोडी मोकळ्या मैदानावर पळवतो.

"अशीच घिऊन जा," आबा म्हणाले.

कैलासनं हात जोडले. "न्हाई आबा. फुकट आणल्यालं जनावर आमी दारात बांधत न्हाई. भाव सांगा."

शेजारचे भिमाजी भाऊ बैलबाजारातले जुने दलाल. त्यांनी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. "तोंडानं निघत न्हाई ना अंबाजी? मग बोटानं काढ."

मीही त्या गर्दीत उभा होतो. आमच्या कंपनीत कुठल्याही जुन्या मशीनची किंमत घसारा वजा करून दोन मिनिटांत निघते. इथं उपरणं हलेना.

आबांच्या पत्नी शालूबाई दारातून ओरडल्या, "आवं, कवाधरनं हात धरून बसलाय, लगीन लावताय व्हय त्याच्याशी?"

सगळे हसले. आबाही हसले, आणि हसता हसताच त्यांना भरून आलं. काहीतरी आधार हवा म्हणून त्यांनी कैलासचा अख्खा हात गच्च धरला.

"पन्नास! कबूल," कैलास म्हणाला.

"झाला सौदा!" भिमाजी भाऊंनी उपरणं झटकलं.

आबांनी आकडा सांगितलाच नव्हता. पण उपरणं निघालं की सौदा फिरवत नाहीत. आणि आकडा तोंडानं सांगावा लागला नाही, याचंच त्यांना बरं वाटलं. त्या पैशातून त्यांनी हरणीला नवं खोगीर करून दिलं.

आता कैलास दर रविवारी तिचा व्हिडिओ पाठवतो. आबा तो सगळ्या आळीला दाखवतात. "बघ, कशी वाऱ्यावानी पळतीया! लय उपकार झालं त्या पोराचं." परवा मलाही दाखवला. मग फोन खिशात ठेवून हळूच विचारलं,

"तू शिकल्याला हायस, सांग. त्याला खरंच पंजा वाटला, का माज्या तोंडून किंमत निघू न्हाई म्हनून त्यानंच सोडवलं मला?"