पेटीवरचं आडनाव

सरांनी अंगठ्याच्या नखानं माझं नाव खरवडलं. माझ्यासमोर. सकाळी आठ वाजता, इमारतीच्या खालच्या दारात, जिथे सगळ्या बिऱ्हाडांच्या पोस्टाच्या पेट्या ओळीनं बसवलेल्या आहेत. माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती. ती खाली नेऊन ठेवायचं काम मी आलो त्या दिवसापासून आपोआप माझ्याकडे आलं होतं. मी त्यांच्या पेटीवर चिकटवलेली माझ्या आडनावाची चिठ्ठी अर्धी निघाली, अर्धी चिकटून राहिली. सरांनी बोट ओलं करून उरलेलीही काढली, तिची गोळी केली आणि माझ्याच पिशवीत टाकली.

"राहू दे रे. आमचं नाव आहे ना वर. पोस्टमनला कळतं."

मी "हो सर" म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते. हो सर म्हणालो आणि पिशवीला गाठ मारली.

सर म्हणजे माझे टीम लीड. सात वर्षं टोकियोत, ओजिमाला राहत होते. पुण्याच्या कंपनीनं मला इथे कॉन्ट्रॅक्टवर पाठवलं आणि स्वतःची जागा मिळेपर्यंत त्यांच्या घरातली एक खोली ठरवून दिली. घरमालकाची परवानगी घेतलेली. वॉर्ड ऑफिसात माझी नोंदही त्याच पत्त्यावर झालेली. घरात सर, वहिनी, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि मी. सरांचं आडनाव इथे लिहीत नाही. भीती म्हणून नाही. त्यांच्या आडनावानं आयुष्यभर सगळीकडे जागा घेतलीय, इथे नाही दिली तर त्यांचं काही बिघडत नाही.

माझं आडनाव कांबळे. मराठी माणसानं ते ऐकलं की पुढचं विचारायची गरज उरत नाही. पुण्यात खोली शोधताना मी नुसतं नाव सांगायला शिकलो होतो. आडनाव विचारलं की फोनवरचा आवाज बदलायचा, आणि "खोली कालच गेली हो." जपानला निघताना वाटलं, सुटलो एकदाचा. इथे तर सगळे एकमेकांना आडनावानंच हाक मारतात. ऑफिसात पहिल्या दिवशी दहा जणांनी मला कांबळे-सान म्हटलं आणि दहाही चेहरे जसेच्या तसे राहिले. त्या दिवशी दुपारी मी जिन्यात जाऊन पाच मिनिटं एकटा उभा होतो. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू?

मग घरी ही चिठ्ठी.

संध्याकाळी वहिनींनी चहा दिला आणि विषय काढला. "आमचं काही नाही हो. आम्ही असलं काही मानतच नाही. पण रविवारी इथली सगळी मराठी मंडळी येतात आरतीला. पेटीवर नजर जाते. मग विचारत बसतात. कशाला उगाच?" मुलगी शाळेतल्या सवयीनं मला कांबळे-सान म्हणायची. वहिनींनी तिला तिथल्या तिथे अडवलं. "दादा म्हण. नुसतं दादा."

किती गोड आवाजात. शिवी दिली असती तर मला उलट बोलता तरी आलं असतं.

त्या सुमारास इथे प्रत्येकाला बारा आकड्यांचा सरकारी नंबर द्यायला सुरुवात झाली होती. परदेशातून आलेल्यालाही. नंबराचं पाकीट नोंदलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं येतं. नंबर नाही तर कराचे, विम्याचे कागद पुढे सरकत नाहीत. ऑफिसात कागदपत्रं बघणाऱ्या मोरी-सान दर सोमवारी विचारायच्या, "कांबळे-सान, नंबर?" मी नाही म्हणून मान हलवायचो. आमच्या कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं, महिनाअखेर कागद पूर्ण झाले नाहीत तर दुसरा माणूस येईल आणि मी पुण्याला परत. माझ्याबरोबर आलेल्या दोघांचे नंबर आले. माझा येईना.

"येईल रे," सर म्हणायचे. "सरकारी काम."

तिसऱ्या आठवड्यात मी वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीमागे पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी माझं रहिवासाचं कार्ड बघितलं, आत जाऊन एक पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पाकिटावर माझं नाव. बाजूला शिक्का. बाईंनी त्यावर बोट ठेवून सोप्या जपानीत, सावकाश वाचून दाखवलं. या पत्त्यावर अशी व्यक्ती आढळली नाही.

"तुम्ही इथे राहता ना?"

"राहतो."

"पेटीवर तुमचं नाव आहे?"

"नाही."

"का?"

बाईंनी सरळ विचारलं होतं. त्यात खोच नव्हती. पुण्याच्या जपानीच्या क्लासमध्ये स्टेशन, पाऊस, डोकेदुखी, सगळ्याचे शब्द शिकवले होते. जातीचा शब्द कुणी शिकवला नव्हता. आणि तो शिकवला असता तरी काय सांगणार होतो? माझं नाव दुसऱ्यानं काढलं, आणि मी काढू दिलं?

बाई म्हणाल्या, पाकीट पुन्हा पाठवू. नाव लावा. पुन्हा परत आलं तर तुम्ही तिथे राहत नाही असं समजून चौकशी होईल, नोंदही रद्द होऊ शकते.

घरी आलो. स्वयंपाकघरात फ्रिजवर इमारतीच्या कमिटीचा एक फॉर्म चिकटवलेला होता. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर इथे असे फॉर्म सगळीकडे भरून घेतात. इमारत कोसळली तर कोणत्या घरात किती माणसं शोधायची, त्यासाठी. रोज त्याच्यासमोरून जात होतो, त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. घरातील माणसं : तीन. अक्षर सरांचं.

मी खोलीत गेलो आणि दार लावून बसलो. पोस्टमनला मी सापडलो नव्हतो. उद्या ढिगाऱ्याखाली असतो तर तिथेही मला कुणी शोधलं नसतं. माझा जीव त्यांना नकोसा होता असं नाही. मंडळी काय म्हणतील, एवढंच. एवढ्यासाठी.

रविवारी सकाळी शंभर येनच्या दुकानातून जाड चिकटपट्टी आणली. तिच्यावर काळ्या मार्करनं आधी जपानी अक्षरांत, मग रोमनमध्ये आडनाव लिहिलं आणि पेटीवर दाबून बसवलं. मी अजून तिथेच होतो तेवढ्यात दोन मराठी कुटुंबं दारातून आत आली. त्यांना घ्यायला सर खाली आले होते. सरांनी पट्टी बघितली. हसत पुढे झाले, अंगठा पुढे केला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"हात काढा, सर."

"अरे, आज लोक आहेत. उद्या लाव ना. एवढं काय मनावर घेतोस? इथे जपानमध्ये कोण जात बघतं?"

"तुम्ही."

एक गृहस्थ मोबाइल बघायला लागले. एका बाईंनी नैवेद्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला. सरांचा चेहरा लाल झाला. "मग दुसरी जागा बघ," ते म्हणाले.

"बघतो. पण पाकीट येईपर्यंत हे नाव इथून हलणार नाही. हललं तर वॉर्ड ऑफिसात जाऊन सांगेन, कुणी काढलं आणि का काढलं. आणि वर फ्रिजवरच्या फॉर्मवर माणसं चार लिहा."

माझा आवाज कापत होता. कापू दे. शब्द कापले नाहीत.

पाकीट पाच दिवसांनी आलं. सही करून घेतलं. मोरी-सानला नंबर दिला, त्यांनी तो टिपून घेतला, संपलं. महिन्याभरात मी त्या घरातून निघालो.

सगळं छान झालं असं कुणी समजू नये. सर आजही माझे लीड आहेत. माझं काम सगळ्यांत शेवटी तपासतात, चूक सगळ्यांसमोर दाखवतात. मराठी मंडळींच्या ग्रुपमधून माझं नाव कधी गेलं, मला कळलंही नाही. रविवारी मी एकटा जेवतो. त्याचा त्रास होतो, आणि होतो हे मी लपवत नाही.

पण आडनाव गाळून नुसत्या नावावर मी आता कुठेच आत जाणार नाही. खोली असो, पंगत असो, नोकरी असो. जी दारं माझ्यासाठी बंद आहेत, ती मला नकोत असंही नाही. ती मी वाजवणार आहे. आतून कोण म्हणून विचारलं की आधी कांबळे म्हणणार आहे, आणि दार उघडेपर्यंत तिथून हलणार नाही.